नावानिशी

पातूरहून अकोल्याला एसटीने जाणाऱ्या बाईला आता अर्धंच तिकीट पडतं. मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या दरात प्रवास आहे आणि त्यासाठी कंडक्टरला काही सांगावं लागत नाही. एसटीच्या सवलतींची यादी मात्र पुढे बरीच लांब आहे. स्वातंत्र्यसैनिक, पंच्याहत्तरी ओलांडलेले, अंध, अपंग, विद्यार्थी; आणि खाली कुठेतरी सिकलसेल, हिमोफिलिया, डायलिसिस यांच्याच ओळीत एचआयव्हीबाधित. त्यांना साध्या गाडीने प्रवास पूर्ण मोफत. अट एवढीच, कागद दाखवायचा. आता गाडी भरलेली, कंडक्टर रोजच्या फेरीचा, पाठीमागच्या बाकावर गावातलंच कोणीतरी. अशा वेळी कागद पिशवीच्या तळाशीच राहतो आणि बाई अर्ध्या तिकिटाचे पैसे काढून देते. ते अर्धं तिकीट म्हणजे गुपित राखण्याचं भाडं. औषध आणायला सर्वोपचार रुग्णालयात जाताना ती ते भरते, येताना पुन्हा भरते. पुरुषाला तर हे भाडं पूर्णच पडतं.

एचआयव्हीसह उजळ माथ्याने जगणाऱ्यांचं आपल्याकडे कौतुक होतं ते हिंमतीचं. १ डिसेंबरचा कार्यक्रम, प्रभातफेरी, कलेक्टरसाहेबांच्या हस्ते शाल-श्रीफळ, टाळ्या. हिंमत लागतेच, तिच्याबद्दल वाद नाही. पण या उघड जगण्याची वंशावळ काढत मागे गेलं की हिंमतीच्या आधी दुसऱ्याच गोष्टी हाती लागतात. रजिस्टर, कोर्टाची कागदपत्रं, औषधाची बाटली, तहसीलचा अर्ज. आजाऱ्याचं नाव आधी सरकारने चव्हाट्यावर आणलं. मग न्यायालयाने ते झाकलं. मग औषधाने ते चेहऱ्यावर उमटवलं आणि पेन्शनच्या फॉर्मने ते मागून घेतलं. या सगळ्यातून गेल्यावर काही माणसांनी, त्यातही बायांनी, ते स्वतःच्या तोंडाने सांगायला घेतलं.

वऱ्हाडाला आजारी माणसाचं नाव-गाव बदलून टाकणारा एक आजार आधीपासून ठाऊक होता. १८९८ चा ब्रिटिशांचा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा असा होता की रस्त्यावर भीक मागणाऱ्या महारोग्याला पोलिसाने वॉरंटशिवाय धरावं. हा कायदा पुस्तकातून गेला २०१६ मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण उरलं नाही ते २०१९ मध्ये. या कायद्याच्या काळातच, १९४६ साली, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, म्हणजे दाजीसाहेबांनी, अमरावतीला तपोवन उभं केलं. विदर्भ महारोगी सेवा मंडळाची ही वसाहत. हाताला काम, डोक्यावर छप्पर, आणि भीक मागायची नाही. त्या काळात याहून मोठं काही करणं अवघड होतं. पण तपोवनाचा एक दुष्परिणाम असा की पत्ता हेच निदान झालं. ‘तपोवनात असतो’ एवढं म्हटलं की पुढचं विचारावं लागत नसे. आजाऱ्याला कायद्याने कोंडायचं, नाहीतर दयेने गावाबाहेर वसवायचं, या दोन वाटा आपल्याला पाठ होत्या. आपल्याच घरात, आपल्याच नावाने, आजारासकट राहायचं ही तिसरी वाट कोणी चालून दाखवलेली नव्हती.

एचआयव्ही भारतात सापडला १९८६ मध्ये, मद्रासला. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला नावाची विद्यार्थिनी प्रबंधासाठी रक्ताचे नमुने गोळा करत होती. शरीरविक्रय करणाऱ्या बायांना ठेवलेल्या सरकारी निवासगृहात जाऊन तिने रक्त घेतलं, नमुने घरच्या फ्रीजमध्ये ठेवले आणि रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेले. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. आपण रक्त कशासाठी घेतोय हे त्या बायांना सांगितलं नव्हतं, असं निर्मलांनीच पुढे सांगितलं आहे. या इतिहासात डॉक्टरांची नावं आहेत, त्या सहा जणींची नाहीत. नाव न येणं हे त्यांच्या बाबतीत संरक्षण होतं की त्यांना कोणी विचारातच घेतलं नाही, हे ठरवणं फारसं अवघड नाही.

नाव आलं ते तीन वर्षांनी, गोव्यात. डॉमिनिक डिसूझा हा बार्देशातल्या पर्रा गावचा तरुण, जागतिक वन्यजीव निधीच्या गोव्यातल्या कार्यालयात नोकरीला, आणि नेमाने रक्तदान करणारा. हे रक्तदानच त्याला भोवलं. १४ फेब्रुवारी १९८९ ला पोलिसांनी त्याला बोलावून घेतलं आणि म्हापशाच्या इस्पितळात नेलं. का, ते कोणी सांगेना. डॉक्टर प्रश्न विचारत होते आणि उत्तरं एका रजिस्टरात लिहीत होते. त्या रजिस्टरावर ‘एड्स’ असं लिहिलेलं डॉमिनिकने पाहिलं. निदान त्याला असं कळलं. तिथून त्याला एका जुन्या क्षयरोग आरोग्यधामात नेऊन ठेवलं, बाहेर पोलिसांचा पहारा. चौसष्ट दिवस.

हे बेकायदा नव्हतं. गोव्याच्या १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून अशा माणसाला वेगळं ठेवण्याची सक्ती घातलेली होती. डॉमिनिकच्या आईने, ल्युसी डिसूझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात याचिका केली. आनंद ग्रोव्हर वकील होते. बाहेर मित्रमंडळी आणि गावकरी निदर्शनं करत होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुढच्या वीस वर्षांत देशभर ज्या बातम्या आल्या त्यांत गावकरी बहुधा दुसऱ्या बाजूला उभे होते. कोर्टाच्या अंतरिम आदेशाने डॉमिनिक घरी आला. सरकारने सक्तीच्या जागी ‘गरज वाटल्यास’ अशी तरतूद केली. पण निकाल लागला तेव्हा वेगळं ठेवण्याचा अधिकार न्यायालयाने वैधच ठरवला. म्हणजे माणूस सुटला, खटला हरला. निकाल आजही ओळखला जातो तो आईच्या नावाने: ल्युसी डिसूझा विरुद्ध गोवा राज्य.

नोकरी सुटली. सगळ्या गोव्याला नाव माहीत झालेलं, तेव्हा लपवायला काही उरलंच नव्हतं. त्याने त्याच नावाने बोलायला सुरुवात केली. १९९२ च्या एप्रिलमध्ये मित्रांच्या सोबतीने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली आणि पुढच्याच महिन्यात मुंबईत तो वारला. औषध म्हणून जे होतं ते तेव्हा फार काही करू शकत नव्हतं. २००५ मध्ये ‘माय ब्रदर… निखिल’ हा सिनेमा आला, तो त्याच्याच आयुष्यावरून.

डॉमिनिकचं नाव पोलिसांनी चव्हाट्यावर आणलं. त्याच्या आठ वर्षं आधी सॅन फ्रान्सिस्कोत बॉबी कॅम्पबेल नावाच्या एका नर्सने उलट केलं होतं. १९८१ मध्ये, आजाराला अजून नावही नव्हतं तेव्हा, त्याने पायावरच्या डागांचे फोटो कॅस्ट्रो भागातल्या औषधाच्या दुकानाच्या काचेवर लावले आणि लोकांना सांगितलं, असे डाग दिसले तर डॉक्टरकडे जा. जून १९८३ मध्ये डेन्व्हरला एड्सवरची परिषद भरली, तिथे तो, मायकेल कॅलन आणि इतर काही आजारी मंडळी मंचावर चढली आणि त्यांनी जाहीरनामा वाचला: आम्हाला बळी म्हणू नका, आमच्याविषयीचे निर्णय आमच्याशिवाय घेऊ नका. पुढे १९८७ मध्ये युगांडात नोरीन कालीबा यांनी ‘टासो’ ही संस्था काढली आणि आजारासकट चांगलं जगणं हेच तिचं ब्रीद ठरवलं. आपल्याकडे ‘पॉझिटिव्ह जगणं’ म्हणतात त्याचे आजे-पणजे हे असे दूरदूरचे आहेत. त्यांच्यातले बरेचसे औषध येण्याआधीच गेले.

मुंबईत तोवर दुसरी शाखा फुटत होती. एका सार्वजनिक उपक्रमात रोजंदारीवर असलेला एक कामगार तपासणीत पॉझिटिव्ह निघाला म्हणून त्याला कामावरून दूर केलं. तो उच्च न्यायालयात गेला, पण नाव न सांगता. न्यायालयाने हे मान्य केलं. त्यामुळे १९९७ चा हा निकाल ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ असा छापला गेला. कंपनीचंही नाव झाकलं. माणूस काम करण्याइतका धडधाकट असेल आणि इतरांना त्याच्यापासून धोका नसेल, तर निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून त्याची रोजी काढता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. हा कामगार कोण, कुठला, आज आहे का, कोणाला ठाऊक नाही, ठाऊक असण्याचं कारणही नाही. उघडपणे जगण्याच्या इतिहासात मी त्याला डॉमिनिकच्या बरोबरीने बसवतो. झाकण्याचा हक्क ज्याला मिळाला, त्यालाच पुढे उघडण्याला अर्थ आला.

आता वऱ्हाड. सुरतेहून धुळे, जळगाव, अकोला, अमरावती करत नागपूरला जाणारा हायवे, तेव्हाचा सहा नंबर, आताचा त्रेपन्न. कापसाच्या गाठी, सरकी, तेल, सगळं ट्रकवर. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये झाली, राज्याची सोसायटी १९९८ मध्ये, आणि पहिल्या मोहिमा निघाल्या त्या या हायवेच्या ढाब्यांवर. भिंतींवर कवटी, हाडं आणि मरणाची धमकी. धमकीने किती लोक सावध झाले कोण जाणे, पण ज्याला आजार झालाय तो म्हणजे मेलेलाच, ही समजूत मात्र पक्की बसली. भीती वाढवायला आकडेही मोठे होते. देशात बावन्न लाख रुग्ण असल्याचा अंदाज जुलै २००७ मध्ये नव्या पाहणीनंतर एकदम पंचवीस लाखांवर आला. निम्मे रुग्ण कागदावरून नाहीसे झाले, भिंतीवरची कवटी तिथेच राहिली.

गावात माणूस जायचा तो ‘टीबीने’. खोटं नव्हतं, क्षय असायचाच. घरचे तेवढंच सांगत आणि गाव उरलेलं आपसात बोले. उघड झालं ते बहुतेकदा बाईमुळे, आणि त्याचं कारण व्यवस्थेतच होतं. गरोदर बाईची तपासणी सरकारी दवाखान्यात होऊ लागली, अकोल्याला लेडी हार्डिंगला, अमरावतीला डफरीनला. त्यामुळे घरात पहिला रिपोर्ट आला तो सुनेचा. नवऱ्याने तपासणी केलेलीच नाही. मग ‘हिनंच आणलं’ म्हणायला सासर मोकळं. नवरा गेल्यावर दहनाची राख गार व्हायच्या आत तिला माहेरी पोचवलं गेलं, अशा हकिकती कोणत्याही समुपदेशकाकडे ढीगभर असतात. मागे राहतं ते सातबाऱ्यावरचं वारसाचं नाव. जमीन कोरडवाहू, चार-पाच एकर, पण नाव लावायचं तर तलाठ्याकडे जायचं, आणि नवरा कशाने गेला हे तर गावाला माहीतच.

म्हणूनच, माझ्या मते, उघडपणे बोलण्यात विधवा पुढे आल्या. त्या जास्त शूर होत्या असं म्हणून त्यांना मखरात बसवणं सोपं आहे. खरं कारण रोकडं आहे: त्यांचं गुपित नवऱ्याच्या तिरडीबरोबरच गावभर झालेलं होतं. लपवून काही हाती लागणार नव्हतं, बोलून लागण्याची शक्यता होती. जिवंत नवरा असलेल्या बाईला आणि नोकरीवाल्या पुरुषाला अजून बरंच गमवायचं होतं. पी. कौसल्या यांनी इतर काही जणींसह चेन्नईत १९९८ मध्ये पॉझिटिव्ह बायांचं स्वतंत्र नेटवर्क उभं केलं. त्याच्या आदल्याच वर्षी तिथेच देशपातळीवरचं पॉझिटिव्ह लोकांचं नेटवर्क स्थापन झालं होतं. महाराष्ट्रात पुण्याहून मनोज परदेशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एनएमपी प्लस’ बांधलं. तिथून जिल्ह्याजिल्ह्यांत मंडळं आली. सांगलीत मीना शेषूंच्या ‘संग्राम’ने आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने वेगळंच पाऊल टाकलं होतं: ज्या बायांना सगळे रोगाचं घर म्हणत, त्याच बाया स्वतःच्या नावाने कंडोम वाटत, पोलिसांशी भांडत उभ्या राहिल्या.

पण नुसत्या सभांनी कोणी जगत नाही. १९९६ नंतर तीन औषधं एकत्र दिली की माणूस उठून बसतो हे जगाला कळलं होतं. अकोल्याच्या शेतमजुराला त्याची किंमत कळली होती. फेब्रुवारी २००१ मध्ये सिपलाच्या युसूफ हमीद यांनी वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये ही औषधं ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेला देऊ केली आणि जगभरच्या कंपन्यांची पंचाईत झाली. आपल्याकडे या औषधांचा सरकारी मोफत उपचार, म्हणजे एआरटी, सुरू झाली १ एप्रिल २००४ ला, देशातल्या आठ रुग्णालयांत. महाराष्ट्रात जे. जे. म्हणजे वऱ्हाडातून रात्रीची गाडी, सकाळी मुंबई, दिवसभर रांग. पुढे केंद्रं जवळ आली. अकोल्याला वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये झालेलंच होतं, तिथे सर्वोपचारमध्ये एआरटी केंद्र आलं, अमरावतीला इर्विनमध्ये.

या केंद्रात काय चालतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. हातात हिरवं पुस्तक. आधी वजन. मग समुपदेशकापुढे बसायचं आणि आणलेली बाटली टेबलावर ठेवायची. समुपदेशक झाकण उघडतो, उरलेल्या गोळ्या हातावर ओततो आणि मोजतो. तीस दिल्या, अठ्ठावीस दिवस झाले, दोन उरायला हव्यात. पाच उरल्या तर तीन दिवस कुठे गेले? उत्तरं ठरलेली असतात. लग्नाला गेलो होतो, सगळ्यांत कशी खाणार. कापूस वेचायला दुसऱ्या गावी होतो. भाऊ आला होता. प्रत्येक चुकलेल्या गोळीमागे कोणीतरी असं आहे ज्याला सांगितलेलं नाही. बाटल्यांवरचं लेबल बहुतेकदा नखाने खरवडून काढलेलं असतं. कोणी गोळ्या कॅल्शियमच्या डबीत ओतून ठेवतं. समुपदेशकही शिकलेले असतात. ते आधी विचारतात, ‘घरात कोणाले माहीत हाये?’ एकाला तरी माहीत असेल तर गोळी टिकते. औषधाच्या नियमितपणासाठी निदान एक साक्षीदार लागतो, हे व्यवहारी सत्य या टेबलावर कोणत्याही भाषणाआधी सिद्ध झालेलं आहे.

त्या पहिल्या गोळ्यांनी एक दगाही दिला. स्वस्त मिश्रणात स्टॅव्ह्युडिन असे. त्याने जीव वाचला, पण काही वर्षांनी गालांची चरबी झडू लागली, गालफडं बसली, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, पोट मात्र सुटलं. माणूस बरा होता आणि दिसत होता मरणपंथाला लागलेला. चेहऱ्याचं हे रूप ओळखायला लोक लवकरच शिकले. ज्याने कोणालाही सांगितलं नव्हतं त्याचं औषधाने सांगून टाकलं. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध टप्प्याटप्प्याने थांबवा असं सांगितलं २००९ मध्ये, आपल्याकडे ते जायला आणखी काही वर्षं लागली. श्रीमंत देशांतून ते आधीच गेलेलं होतं. स्वस्ताईचा हा हिशेब कुठल्या अहवालात ठळक छापलेला मी पाहिलेला नाही.

जे औषधाने केलं तेच योजनेनेही केलं. संजय गांधी निराधार योजनेत एड्सग्रस्त बसतात. ‘संजय गांधीचे पैसे’ आधी महिन्याला सहाशे, मग हजार, मग पंधराशे झाले. विधवेच्या घरात ही रक्कम लहान नसते. पण अर्जाला आजाराचा दाखला जोडायचा, अर्ज तहसीलला, आणि मंजुरी देणाऱ्या समितीत तालुक्यातले कार्यकर्ते. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं तेच पुढे बसलेले. अनेकींनी अर्जच केला नाही, अनेकींनी विधवा म्हणून केला. आणि काही जणींनी, मंडळाच्या दहा-बारा बाया सोबत घेऊन, तहसीलदाराच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं, हो, आहे आजार, पुढं बोला. दक्षिण आफ्रिकेत झॅकी अकमत यांच्या संघटनेने ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असं छातीवर छापलेले टीशर्ट काढले होते. ज्यांना आजार नाही तेही ते घालत, २००२ मध्ये मंडेलांनीही घातला. त्यामुळे गर्दीत कोण आजारी ते कळत नसे. तहसीलच्या व्हरांड्यात घोळक्याने गेलेल्या बायांनी टीशर्टाशिवाय तेच साधलं.

मुलांची गोष्ट निराळी. पुण्याजवळ विजयाताई लवाटेंचं ‘मानव्य’, पंढरपूरला मंगलताई शहांची ‘पालवी’, बीडजवळ दत्ता बारगजेंचं ‘इन्फंट इंडिया’, लातूरच्या हासेगावला रवी बापटलेंचं ‘सेवालय’. नातेवाइकांनी टाकलेली मुलं या माणसांनी वाढवली, जगवली, हे निर्विवाद. पण तपोवनाचा जुना पेच इथेही आलाच: संस्थेचा पत्ता हाच मुलाचा रिपोर्ट. हासेगावला २००९ मध्ये ही मुलं शाळेत आली तर गावकऱ्यांनी आपली मुलं काढून घेतली. त्या मुलांनी आपला आजार कधी कोणाला सांगितला नव्हता, तो त्यांच्या वतीने जगजाहीर झाला होता. आता ती वयात आली आहेत. नोकरीचा अर्ज, भाड्याची खोली, लग्न, या प्रत्येक ठिकाणी कोणाला काय सांगायचं हे पहिल्यांदाच त्यांचं ते ठरवत आहेत. लग्नासाठी २००६ मध्ये राज्याच्या परिवहन खात्यातले अधिकारी अनिल वळीव यांनी ‘पॉझिटिव्हसाथी’ हे फुकट संकेतस्थळ सुरू केलं, आणि ज्या रिपोर्टमुळे लग्न मोडत असे तोच रिपोर्ट तिथे जुळवणीची पहिली अट झाला.

कायदा आला तो सगळ्यात शेवटी. लॉयर्स कलेक्टिव्हने मसुदा तयार केल्याला दहा वर्षं होऊन गेल्यावर २०१७ मध्ये संसदेने एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला; तो लागू व्हायला १० सप्टेंबर २०१८ उजाडला. उपचार देण्याच्या कलमात ‘शक्य तितके’ असं घालून सरकारने आपली सुटका करून घेतली, त्यावर कार्यकर्ते चिडले ते योग्यच. पण नावाच्या बाबतीत कायदा नेमका आहे. संमतीवाचून कोणाचा आजार सांगायचा नाही. कोर्टात टोपणनावाने दाद मागता येते, म्हणजे एमएक्सला जे एका निकालाने मिळालं ते आता सगळ्यांचं. जोडीदाराला सांगण्याची जबाबदारी आहे, पण मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असलेल्या बाईवर तिची सक्ती नाही. सासरच्या घरात राहण्याचा हक्क आहे. आणि एक कलम असं की आई-बाप गेलेल्या घरात बारा वर्षांवरचं समजूतदार भावंड धाकट्यांचं पालक म्हणून बँकेत, शाळेत, दवाखान्यात सही करू शकतं. वऱ्हाडातल्या कोणत्या घरांकडे पाहून हे कलम लिहिलंय ते सांगायला नको.

याच काळात गोष्टीने घेतलेलं वळण मला थोडं अस्वस्थ करतं. ‘एचपीटीएन ०५२’ नावाच्या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशीच सगळी. आपल्याकडची जोडपी होती चेन्नईची आणि पुण्याची. २०११ मध्ये निष्कर्ष आला की औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. पुढच्या अभ्यासांनी ठरवून टाकलं: रक्तात विषाणू सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून तो जातच नाही. २०१७ पासून रक्तातल्या सीडीफोर पेशी कितीही असोत, निदान झालं की औषध. आता डोल्युटेग्राविरची गोळी, दिवसातून एकच, गालफडं बसवत नाही. कोविडनंतर स्थिर रुग्णांना तीन-तीन महिन्यांचा साठा एकदम मिळू लागला. चेहरा सांगत नाही, शरीर सांगत नाही, दर महिन्याची सर्वोपचारची खेप सांगत नाही. २०२१ च्या अंदाजानुसार राज्यात सुमारे ३ लाख ९४ हजार लोक एचआयव्हीसह जगत होते, देशात सर्वाधिक. त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर कोणाला न सांगता जगता येईल. हे यशच आहे, उपचाराचं आणि गोपनीयतेच्या कायद्याचंही. पण ज्या पिढीने नाव सांगितलं तिच्याकडे लपायची जागा नव्हती म्हणून सांगितलं. लपायची जागा असलेल्या पिढीतून कोण पुढे येणार?

सध्या तरी पुढे येतात त्या नेटवर्कच्या क्षेत्रीय कार्यकर्त्या. २०१३ पासून ‘विहान’ प्रकल्पात या कामाला रीतसर जागा झाली, पैसा जागतिक निधीचा. औषध सोडून बसलेल्यांची यादी घ्यायची आणि घर शोधायचं. गावात शिरताना त्या बचत गटाच्या किंवा विम्याच्या कामासाठी आलोत असं सांगतात, कारण इथे दुसऱ्याचं नाव त्यांच्या हाती असतं आणि ते सांडायचं नसतं. घरात गेल्यावर, दार ओढून घेतल्यावर, त्या आधी स्वतःचं सांगतात. ‘मी बी रोज घेतो गोळी, आठ वर्सं झाले.’ वऱ्हाडात बाई स्वतःला ‘घेतो’च म्हणते. समोरची बाई आधी विश्वास ठेवत नाही, अंगापिंडाकडे पाहते, मग बाटली दाखवा म्हणते. कार्यकर्ती पिशवीतून बाटली काढते. हिच्या बाटलीवर लेबल असतं. मग कुठल्या तारखेला सर्वोपचारला जायचं ते ठरतं, आणि सोबत येतो म्हणाल्यावर तिकिटाचा प्रश्न निघतो.